अकरा नंबरसमोरची भिंत

आडवेमामा हे नाव मी ठेवलं. आमच्या इस्पितळात वॉर्डातल्या कामगारांना मामा म्हणायची रीत आहे, आणि हे मामा हातात ब्रश घ्यायच्या आधी रुग्णाच्या खाटेवर आडवे व्हायचे, म्हणून आडवेमामा. नाव इतकं रुळलं की पगारपत्रक लिहिणाऱ्या कारकुनालाही खरं नाव वही उघडून बघावं लागे. मामांना त्याचा राग नव्हता. राग यावा अशा गोष्टी पुढे त्यांच्या वाट्याला पुष्कळ यायच्या होत्या.

ते इस्पितळाचे कायम नोकरीतले रंगारी. खाटा, कपाटं, खिडक्यांचे गज, शवागाराचा दरवाजा, सगळं त्यांच्या हातचं. मी पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डाची सिस्टर. वीस वर्षं आमचा संबंध एवढाच की त्यांनी ओला रंग टाकून जावं आणि मी ओरडावं. मग ते पंचावन्नीला आले असताना जिन्याचं छत खरवडताना शिडी सरकली, खुब्याचं हाड मोडलं आणि ते माझ्याच वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर येऊन पडले. पायाला वजन बांधलेलं. अडीच महिने कूस बदलायची सोय नाही.

अकरा नंबरच्या समोर भिंत. आदल्या वर्षीच रंगवलेली, पिवळसर, चकचकीत ऑइलपेंटची. दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं की त्या भिंतीवर अशी तिरीप उठायची की डोळे मिटून घ्यावे लागत. आणि डोळे मिटले की दुखण्याशिवाय दुसरं काही उरत नाही, हे कुठल्याही खाटेवरचा माणूस सांगेल. बरोबर चारला मामा इंजेक्शन मागायचे. एकदा वैतागून म्हणाले, "सिस्टर, ही भिंत रंगवणाऱ्याला आधी इथं आणून झोपवायला हवा होता."

"झोपवलाय की," मी म्हटलं.

मामा इतके हसले की खुबा दुखला आणि ते इंजेक्शन वेळेआधी द्यावं लागलं.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. पण कळल्यावर पुढे काही करणारे थोडे. मामा लंगडत कामावर आले आणि दर तीन वर्षांनी होणारं वॉर्डाचं रंगकाम निघालं, तेव्हा त्यांनी अर्धा अर्धा वॉर्ड रिकामा करून घेतला आणि एकेका खाटेवर जाऊन निजले. उताणे, मग उजव्या कुशीवर, मग उशी चढवून. डोळे मिटायचे, उघडायचे, आणि नजर पहिल्यांदा जिथं पडेल तिथं खूण करायला लावायचे. खूण करायला खडू घेऊन मी उभी. "थोडं खाली, सिस्टर. आता डावीकडे. हां, तिथं." चोवीस खाटा, प्रत्येकीच्या दोन-तीन खुणा. भिंत अशी दिसायला लागली की जणू तिलाच देवी आल्या आहेत.

मग त्या खुणांभोवती त्यांनी रंग लावला. चमक अजिबात नाही. राखाडीत किंचित पिवळा, त्यावर किंचित हिरवट, त्यावर पुन्हा राखाडी, असे पातळ हात, सगळे ब्रशने आणि वेगवेगळ्या दिशांनी. उभ्यानं पाहिलं तर साधी मळकट भिंत. मी तसं म्हटलंही. त्यावर म्हणाले, "तुम्ही झोपून बघा." अर्धा वॉर्ड रिकामाच होता, मी बघितलं. नजर भिंतीवर जाते, हळूहळू सरकत राहते आणि कुठेच ठेच लागत नाही. मामांचं म्हणणं असं की आजाऱ्याच्या डोळ्याला टेकायला जागा हवी, पण तो तिथं बसकण मारून राहता कामा नये. शेवटी दोन डब्यांच्या तळाशी रंग उरला होता. तो त्यांनी एकत्र ढवळून दाराजवळच्या कोपऱ्यात, विजेच्या बटणांखाली फासून टाकला. तो कोपरा कुठल्याच खाटेवरून दिसत नव्हता.

आता इंजेक्शनांचं. रुग्णाने मागितलं तर द्यायचं आणि रजिस्टरात लिहायचं, असा नियम. सहा महिन्यांनी औषधभांडाराच्या माणसाच्या लक्षात आलं की माझ्या वॉर्डातून वेदनाशामकाची मागणी एक तृतीयांशाने घटली आहे. शाबासकी कसली, चौकशी लागली. एक तर मी रुग्णांना विव्हळत ठेवते, नाहीतर इंजेक्शनं बाहेर विकते आणि रजिस्टर सावरते, असा संशय. तीन आठवडे मला खुर्चीत बसवून तेच तेच विचारलं. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून माफी मागायची आमच्याकडे पद्धत नाही.

तो चौकशीचा कागद मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरांच्या वाचनात आला. माणूस हुशार होता, नाही म्हणणार नाही. वॉर्डात भिंतीशिवाय काहीच बदललं नाही, हे त्यांनीच ओळखलं. ते आले, त्यांच्याबरोबर डिझाइन शिकवणाऱ्या एक मॅडम आल्या. रुग्णांच्या डोक्याला तारांच्या टोप्या बसल्या, बोटांना चिमटे लागले. डोळ्याला सुखावणारं काही दिसलं की मेंदूतली दुखण्याची वाट मंदावते का, हे त्यांना बघायचं होतं. समोरची भिंत दहापैकी किती सुंदर वाटते असं प्रत्येकाला विचारायचे. सहा नंबरचे आजोबा म्हणाले, "भिंत आहे बाई ती. तिच्याशी संसार करायचाय का मला?" पण त्यांच्याच टोपीने चांगला आकडा दाखवला.

आडवेमामा त्या आठवड्यात रोज धुतलेला शर्ट घालून यायचे. कधीतरी बोलावतील म्हणून वॉर्डाच्या आसपास घोटाळायचे. बोलावलं एकदा. रंग कुठल्या कंपनीचा आणि नंबर काय, एवढंच विचारलं. मामांनी सांगितलं की नंबर नाही, तुम्ही एकदा खाटेवर झोपा, मग कळेल. मॅडम गोड हसल्या. "मामा, आमच्या यंत्राला झोपावं लागत नाही."

ते रंग मोजायचं यंत्र विजेवर चालायचं आणि त्याची वायर हातभर. त्यांना रिकामा प्लग हवा होता. तो दाराजवळ होता आणि तो दाखवला मी. मॅडमनी यंत्र त्याच कोपऱ्यातल्या भिंतीला, उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर लावलं. मामा धावत माझ्याकडे आले. लंगड्या पायाने त्यांना धावताना मी तेव्हाच पाहिलं. ती जागा नका मोजू म्हणावं, तिथं उरलंसुरलं फासलंय, असं सांगत होते. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, भिंत तर सगळी सारखीच दिसते आहे. आणि मी गप्प बसले. का, तेही सांगते. डॉक्टरांनी मला शब्द दिला होता की लेखात माझं नाव येईल. चोर म्हणून जिची चौकशी झाली त्या बाईला चार चांगल्या शब्दांची भूक असते. त्या भुकेपायी मी तोंड मिटून घेतलं.

लेख आला. साहेबांनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी, तो काचेत घालून दर्शनी भिंतीवर लावला. शेवटी आभारात माझं नाव होतं, बारीक अक्षरात. मामांनी मला अख्खा लेख वाचायला लावला, कुठे काही आहे का म्हणून. होतं ते एवढंच, "भिंतींवर आधीपासून असलेला रंग". मामांनी ते शब्द स्वतःशी एकदा म्हटले. मग म्हणाले, आधीपासून म्हणजे आभाळातून पडला असेल. आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

विषय साहेबांनी काढला. लेखाचा गाजावाजा झाला आणि ठरलं की सगळं इस्पितळ त्या सिद्ध झालेल्या रंगाने रंगवायचं. यंत्राने मोजलेला तोच रंग कारखान्यातून डबेच्या डबे भरून आला. उरलेल्या तळाचा रंग! पुसायला सोपा म्हणून चकचकीत. लावायला कंत्राटदाराची माणसं, हातात रोलर. सगळीकडे एकसारखं दिसावं म्हणून माझा वॉर्डही त्यात आला. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. पण इथं नागोबा बिळात शिरला आणि मग बीळच बुजवायला निघाला.

मामा साहेबांकडे गेले. सगळं रंगवा, अकरा नंबरसमोरची एक भिंत तेवढी ठेवा, एवढीच विनंती. साहेबांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि रंगाचा माणसाच्या मेंदूवर कसा परिणाम होतो ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. कुणाला? आडवेमामांना! उंटावरून शेळ्या हाकणारा निदान शेळीला गवत कसं खायचं ते शिकवत नाही. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, साहेब, तुम्ही फक्त एकदा खाटेवर झोपून बघा. साहेब म्हणाले, निरोगी माणसाने रुग्णाच्या खाटेवर झोपणं जंतुसंसर्गाच्या नियमात बसत नाही.

दोन दिवसांत वॉर्ड झाला. मामा दारात उभे राहून बघत होते. कंत्राटदाराच्या माणसांनी त्यांना खालची प्लॅस्टिकं धरायला सांगितली आणि त्यांनी ती धरली. त्याच वर्षी ते निवृत्त झाले.

दोन वर्षांनी ते परत आले ते स्ट्रेचरवरून. कर्करोग मणक्यात पसरला होता, करण्यासारखं काही नव्हतं, दुखणं आवरायचं एवढंच. रिकामी खाट एकच होती, अकरा नंबरची. मी साहेबांच्या हातापाया पडून दुसऱ्या वॉर्डात सोय करू पाहिली. पण दुसऱ्या वॉर्डाच्या भिंती तरी कुठे वेगळ्या होत्या? बरोबर आलेल्या त्यांच्या बायकोने, मामींनी, त्यांची उशी नीट केली, त्यांनी डोळे उघडले आणि समोर पाहिलं. मग माझ्याकडे पाहून हसले. मला ते हसू सहन झालं नाही.

चार वाजता तिरीप आली. मी खिडकीला चादर लावली. त्या दिवसांत डॉक्टर आणि मॅडम नव्या रंगाचा दुसरा अभ्यास करत होते, आणि नेहमीचा उजेड अडवायचा नाही अशी त्यांची अट होती. दुसऱ्या दिवशी चादर काढायला लावली. मग मी मामांना खाटेवर उलटं झोपवलं, पायाकडे डोकं. प्राणवायूची नळी ताणून घेतली, नियम गेला खड्ड्यात. दोन तास राहिले तसे. पण त्या बाजूलाही तीच भिंत, तीच चमक. मामींनी विचारलं, आता कुठं फिरवायचं यांना?

मामा म्हणाले, "मागच्या वेळी बरं होतं, सिस्टर. तेव्हा शिव्या मलाच घालत होतो. उठल्यावर दुरुस्त करता येत होतं."

एकोणीस दिवस ते माझ्याकडे होते. त्या एकोणीस दिवसांत त्यांनी जितकी इंजेक्शनं मागितली तितकी त्या वर्षी कुणी मागितली नाहीत. प्रत्येक मी लिहिली, वेळ घालून, सही करून. विसाव्या दिवशी सकाळी, भिंतीवर ऊन यायच्या आत, ते गेले.

मॅडमचा अभ्यास संपत आला तेव्हा त्यांच्याकडून एक फॉर्म आला. अकरा नंबरच्या आकड्याने सगळी सरासरी बिघडत होती. काही विशेष कारण होतं का, रुग्णाचा या वॉर्डाशी पूर्वी काही संबंध होता का, असं विचारलं होतं. या वेळी मी तोंड मिटून घेतलं नाही. मी सगळं लिहिलं. ही भिंत आधी यांनी रंगवली होती, प्रत्येक खाटेवर झोपून रंगवली होती, तुम्ही मोजलेला कोपरा उरलेल्या रंगाचा होता, आणि खुणा करायला खडू धरून मी उभी होते. जागा पुरली नाही तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. मामींनाही सांगितलं की या खेपेला यांचं नाव येणार.

लेख आला त्या दिवशी मामी निवृत्तिवेतनाच्या कागदावर सही करायला इस्पितळात आल्या होत्या. मी त्यांना घेऊन बसले. शेवटच्या पानावर, तळटीपेत, एक ओळ होती. मामींनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली. "एका रुग्णाचा भिंतीशी पूर्वपरिचय असल्याने त्याची नोंद मोजणीतून वगळली आहे."

त्यांनी ती दुसऱ्यांदा मनात वाचली. मग चष्मा काढून डबीत ठेवला.

"म्हणजे रंग धरला नाहीच," त्या म्हणाल्या, "आणि दुखलं तेही धरलं नाही."

चार वाजत आले होते आणि अकरा नंबरची घंटा वाजत होती.