भोगीची बोरं

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तशी कचेऱ्यांतल्या माणसांचीही वाटणी झाली. आमचे हे मराठी कारकून, म्हणून त्यांच्या वाट्याला मुंबई आली. पण हुकूम काही हातात पडेना. आज ट्रंका भरायच्या आणि उद्या पोळपाट राहिला म्हणून त्या उघडायच्या, असं किती दिवस चाललं होतं. मी इतकी थकले होते की कधी निघायचं, हे विचारायचंही सोडून दिलं होतं.

मला एकच हवं होतं. पोराचं पहिलं बोरन्हाण हैदराबादच्या ह्याच घरात व्हावं. मुंबईत बोरं मिळाली असती, पण त्याच्या डोक्यावर ती ओतायला ओळखीच्या बायका कुठून आणायच्या?

बेगम बाजारातून तीळ आणवले आणि हलवा करायला घेतला. पहाटे शेगडीवर परात ठेवायची, तिळांवर पाकाचे थेंब टाकायचे आणि बोटांनी फिरवत राहायचं. हलव्याला काटा यायला थंडी लागते आणि धीरही लागतो. थंडी भरपूर होती. पाठ गारठायची, बोटं पोळायची. तरी खरं सांगते, दिवसभरात तेवढाच वेळ मला बरं वाटे. चहाचा पेला निखाऱ्यांच्या कडेला, पोर गोधडीत झोपलेलं, आणि कुणी काही मागायला येत नसे.

एका पहाटे हे परातीपाशी येऊन उभे राहिले. “अगं, हुकूम आलाय. संक्रांतीच्याच गाडीनं निघावं लागेल.”

बोरन्हाण करतात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. हुकूम काढणाऱ्यानं पंचांग पाहिलं नव्हतं. मी परात खाली उतरवली. हलवा अजून गुळगुळीतच होता.

शेगडी मी खालच्या घरमालकिणीची आणली होती. ती तेलुगू, माझ्या आईच्या वयाची. आमचं बोलणं चाले ते दखनीतच. शेगडी परत द्यायला गेले, तेव्हा तिनं माझा चेहरा पाहून काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

“इत्तीच बात?” ती म्हणाली. “हमारे में तो भोगीकूच डालते बच्चों पे बोरां. भोगीकू लेको आ तेरे बच्चेकू.”

भोगी म्हणजे आमच्या निघण्याचा आदला दिवस. तिनं गल्लीतल्या बायका बोलावल्या. पोराला काळं झबलं घातलं, गळ्यात बिनकाट्याच्या हलव्याची माळ घातली. बोरं, उसाचे करवे, झेंडूच्या पाकळ्या डोक्यावर पडू लागल्या तशी स्वारी आधी रडली, मग उसावर तुटून पडली.

मी त्याला उचलायला वाकले, तर घरमालकिणीनं माझा खांदा धरून मला खाली बसवलं.

“तू बी बैठ. तू बी तो बच्चीच है.”

आणि ताटात उरलेली बोरं तिनं माझ्या डोक्यावर ओतली. कित्येक महिने सगळे मला किल्ल्या विचारत होते, दोऱ्या विचारत होते. बस, असं कुणी म्हटलं नव्हतं. मी सगळ्या बायकांसमोर हमसून रडले. आसपास मुलं बोरं वेचत होती.

दुसऱ्या दिवशी गाडीत अंबाडा सोडला, तर त्यातून एक बोर पडलं.

“पोराचं का?” ह्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, “माझं आहे.”