कशासाठी तपासणी, हा रकाना

बारा वर्षं झाली, वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी दुर्बिणीच्या खोलीत नर्स आहे. लोकांची आतडी बघून बघून आता जेवताना काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

फॉर्मवर एक रकाना असतो, तपासणी कशासाठी. तो मी भरते. तिथं ‘शौचातून रक्त’ लिहिलं की दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरसाहेबांची पाठ ताठ होते. दुर्बीण टोकापर्यंत नेतात आणि मागे घेताना खरं बघणं असतं. तेव्हा ते एकेक घडी उलगडून बघतात, पाणी मारतात, पेशंटला कुशीवर वळवायला लावतात. रक्त कुठून तरी येत असणारच, ते ठिकाण सापडेपर्यंत सोडत नाहीत. आणि ‘तक्रार नाही, भावाला कॅन्सर’ असं असलं की तीच दुर्बीण भराभर बाहेर येते. साहेब वाईट नाहीत. सकाळपासून उभे असतात, बाहेर रांग असते, ज्याला काहीच होत नाही त्याच्यात काय शोधायचं असं त्यांच्या हाताला वाटत असावं. एकदा मी म्हटलं, “सर, जरा घाई होतेय.” ते म्हणाले, “मग तुम्ही करा, सिस्टर.” मी पुढच्या पेशंटचा फॉर्म घेतला. कोणाकोणाशी भांडायचं बाप्पा, जीव शिणून जातो.

मागच्या वर्षी मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले. सख्ख्या भावांनी तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. बाबांना आणायला मला आठ महिने लागले. गावी आंजीला त्यांचा भाजीचा मळा. आधी वांगी तोडायची होती, मग गवार. माझं कोण ऐकतो? सोनारानं कान टोचावे म्हणून शेवटी मोठ्या बाबांच्या बायकोला, मोठ्या आईला बोलायला लावलं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते औषधाचं पाणी पाजताना मी मनसोक्त बोलणी खाल्ली. “मले काई झालं नाई, तूच बिमार पाडून राह्यली मले.”

सकाळी त्यांचा फॉर्म माझ्या हातात आला. ‘तक्रार नाही’ लिहायला पेन टेकवलं आणि हात पुढं जाईना. शेवटच्या दिवसांत मोठ्या बाबांचं सगळं मीच केलं होतं. मी लिहिलं, ‘दोन महिन्यांपासून शौचातून रक्त.’ साफ खोटं. मला भीती वाटत होती, लाज नाही.

साहेबांनी जीव लावून बघितलं. उजव्या बाजूच्या एका घडीमागे दुर्बीण परत नेली, पुन्हा एकदा नेली. तिथं एक चपटा कोंब होता, रंगानं आतड्यासारखाच. तो काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, कॅन्सर झाला नव्हता पण त्या वाटेला लागला होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

रविवारी आंजीला गेले आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. ते मेथीच्या जुड्या बांधत होते.

“काऊन लिवलं खोटं?”

“खरं लिवलं असतं तं सापडलं नसतं, बाबा.”

त्यांनी दोन जुड्या बांधल्या. मग म्हणाले, “माह्या मागं सेलूचा एक माणूस होता. बाकावर आमच्या गोष्टी झाल्या. त्याचाही भाऊ असाच गेला. त्याले तरास काईच नव्हता म्हणे. त्याचं काय लिवलं तुनं?”

“तक्रार नाही.”

“मंग कसं पाह्यलं त्याले?”

त्याच्या तपासणीला मी खोलीतच उभी होते. दुर्बीण कशी भराभर बाहेर आली ते माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि बाबांना घरी न्यायच्या घाईत एक शब्द बोलले नव्हते.

“लवकर झालं त्याचं,” मी म्हणाले.

“बोलाव त्याले परत.”

त्याचा फोन नंबर फॉर्मवर आहे. फोन करून सांगायचं काय? त्याच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलंय, खाली साहेबांची सही आहे, आणि जाताना तो मला हात जोडून म्हणाला होता, “चिंता मिटली, बाई.”