चरबीचा डबा

अमेरिकेत लेकीकडे होते तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे सकाळी जाऊन बसायचे. न्याहारीचं मांस तळून झालं, की त्या तव्यातली चरबी गाळून पत्र्याच्या डब्यात ओतायच्या. कशाला, म्हणून विचारलं.

"आमचा देश महायुद्धात उतरला तेव्हा घरोघर ही चरबी साठवून खाटकाकडे द्यायचे. तिच्यातून दारूगोळा व्हायचा. आई म्हणायची, थेंब सांडू नकोस, म्हणजे दादा लवकर घरी येईल."

"आला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. तह होतात, पलटणी परततात. स्वयंपाकघरातल्या हातांना मात्र सुटकेचा हुकूम कुणीच धाडत नाही.

"मग अजून कशाला साठवता?"

"आई थांब म्हणालीच नाही," असं म्हणून त्यांनी झाकण घट्ट लावलं.