निजलेल्या बोअरचा फोटो

"ताई, गावोगावचे धबधबे झाले तुझे बघून. आता एकदा माझा खड्डा बघायला ये," असं विलास फोनवर म्हणाला आणि मी दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली. विलास माझा मावसभाऊ. बोईसरला राहतो आणि खोल बोअर पाडणाऱ्या एका कंपनीची साइट सांभाळतो. पालघरच्या पूर्वेला, मनोरच्या आसपास, गरम पाण्याची कुंडं आहेत हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्या कुंडांखालचा खडक खोलवर किती तापलेला आहे आणि त्या उष्णतेवर वीज करता येईल का, हे बघायला त्यांनी चाचणीचा बोअर पाडला होता. कुठल्या गावात, ते मी मुद्दाम लिहीत नाहीये. एरवी मी गावच काय, चहावाल्याचंही नाव लिहिते हे तुम्हाला माहीत आहे. या वेळी नाही लिहिणार, आणि का, ते वाचाल तेव्हा कळेल.

नाशिकहून मी लाल डब्यानेच गेले. बायकांना अर्धं तिकीट, मग कशाला गाडी काढायची? त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता. मोखाड्याच्या पुढची वळणं पोट ढवळून काढतात, म्हणून निघताना भरपेट खाऊ नका. जव्हारला गाडी थांबते तिथे वडा घ्या, गरम असेल तरच घ्या. डिसेंबरात डोंगर पिवळे पडलेले असतात आणि शेतांत भाताच्या पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या दिसतात. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मला प्रवासभर आपल्या सुनेच्या तक्रारी ऐकवल्या आणि विक्रमगडला उतरताना "बरं वाटलं तुमच्याशी बोलून" म्हणाल्या. मी एक अक्षर बोलले नव्हते!

बोईसर म्हणजे कारखान्यांचं गाव. स्टँडबाहेर पडल्यापासून कानावर हिंदीच. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, शेअर में जाओगे तो दो सवारी का रुकना पड़ेगा." थांबले. घाई असेल तर स्पेशल करा, नाहीतर शेअरच बरी. संध्याकाळी विलास आणि त्याची बायको सुनीता मला चिंचणीच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. सुरूच्या झाडांत वारा छान असतो. परतताना तारापूरकडे हात करून विलास म्हणाला, "तिकडे अणू फोडून पाणी तापवतात. आपण आयतं तापलेलं शोधतोय." या वाक्यावर तो स्वतःच बराच वेळ हसत होता. घरी सुनीताने बोंबील तळले होते. सांगलीची पोर, पण बोंबील असे तळते की इथल्या कोळणींनी पसंतीची मान डोलवावी.

जेवताना विलासने मला बोअरची गोष्ट समजावली. खोदताना भोकात सतत थंड पाणी आणि चिखल फिरवावा लागतो, नाहीतर यंत्राचं पातं जळून जाईल. त्यामुळे तळाचा तापलेला खडकही आजूबाजूला थंड होतो. खोदून झालं की बोअरचं तोंड झडप लावून बंद करतात आणि हात न लावता तसंच ठेवतात. हळूहळू खडकाची खरी ऊब परत येते. मग तारेवरून तापमापक आत सोडून मोजणी करायची. हे लोक त्याला 'बोअर निजवणं' म्हणतात.

"आणि मधेच उघडला तर?" मी विचारलं.

"ढोकळा वाफेवर असताना झाकण काढलं तर काय होतं? खालचं गरम पाणी वर येतं, सगळं मिसळतं, आकडा खोटा येतो. मग परत निजवा. परवा मोजणीवाले साहेब येतायत. आकडा चांगला आला तर इथेच मोठी विहीर होणार, नाहीतर आम्ही गबाळं उचलून निघालो."

म्हणजे मला सगळं सांगितलेलं होतं. कळलेलंही होतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मलाच सोयीस्कर विसर पडायचा.

सकाळी लवकर आम्ही साइटवर गेलो. मनोरकडून आत वळलं की रस्ता बरा आहे, शेवटचा तुकडा कच्चा. आधी कुंडावर थांबलो. दगडी बांधणीचं साधं कुंड, पाण्यावर पांढरी वाफ, काठावर केस वाळवणाऱ्या दोन म्हाताऱ्या. साबण लावू देत नाहीत, कपडे धुऊ देत नाहीत, आणि चपला लांब काढायच्या. पाय टाकला तर चटकाच बसला. "हलू हलू टाका, बाय," एक म्हातारी म्हणाली. मग कमरेपर्यंत उतरले आणि प्रवासाचा शीण कुठल्या कुठे गेला.

साइट तिथून थोडी वर, माळावर. मोठं यंत्र बाजूला उभं केलेलं, मधे जमिनीतून वर आलेला जाड पाइप, त्यावर लाल चाकाची झडप, आणि झडपेशेजारी खुर्ची टाकून बसलेला लहानू. चाळिशीचा असेल, अंगाने काटक. ठेकेदाराकडून रखवालीला लागलेला. विलास म्हणाला, "हा आमचा राजा. निजलेल्या बोअरवर याचा पहारा."

विलासला डिझेल आणायला मनोरला जायचं होतं. जाताना म्हणाला, "फिर हवं तिथे. लाल चाकाला तेवढा हात लावू नकोस." मी म्हटलं, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

लहानूची बायको बारकी तिथेच मागे झापात, म्हणजे कुडाच्या झोपडीत, राहायची. तिने कोरा चहा दिला, वर चुलीत भाजलेली रताळी दिली. बोलता बोलता कळलं की दर वर्षी भात झोडून झाला की हे सगळं कुटुंब भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातं, ते थेट पावसाच्या तोंडावर परत. यंदा ही नोकरी मिळाली म्हणून गेले नाहीत. "यंदा पोरगी शालेत हाय," बारकी म्हणाली. "नायतर दर साली नाव घालायचा नि दिवाली झाली का काढायचा. शालेतली बाय पन कंटाळलेली." लहानू म्हणाला, "विहीर झाली तर साहेब मना कायम ठेवतील बोललंत."

हे ऐकून मी काय करायला हवं होतं? चहाची कपबशी खाली ठेवून गप्प बसायला हवं होतं. पण मला फोटो हवा होता. इतका लांबचा प्रवास, आणि फोटो कसला, तर एका पाइपचा? लोक पोस्ट उघडणार आणि पाइप बघणार? सकाळची थंडी होती, मागे निळा डोंगर होता, आणि त्या पाइपातून वाफ उसळली तर काय दिसेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आधीच उभं राहिलं होतं.

"लहानूभाऊ, जरासं उघडता?"

"नाय ताय. साहेब बोललाय हात नाय लावायचा."

"अहो, साहेब माझा भाऊच. मी सांगते त्याला. अगदी एवढंसं. कुणाला कळतंय?"

त्याने बारकीकडे पाहिलं. बारकी चुलीत लाकूड सारत राहिली. तो उठला. पाहुणी, त्यातून साहेबांची बहीण, त्याच्या घरचा चहा प्यालेली. त्याने चाक फिरवलं. आधी नुसता सूं असा आवाज, मग पाणी उसळलं आणि वाफेचा लोट असा वर गेला की मी ओरडलेच! फोटो काढला. उन्हाची तिरीप आड येत होती, म्हणून दुसऱ्या बाजूला गेले आणि परत उघडायला लावलं. मग म्हटलं, "तुम्हीही या की त्यात. चाकावर हात ठेवा. हसा हो, असं काय करताय?" तो हसला. तिसऱ्यांदाही उघडलं. खरं सांगते, मला त्या वेळी काहीही वाटलं नाही. मी फार खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाले साहेब आले, सोबत तारेचं मोठं रीळ. मीही हौसेने गेले. तार सावकाश आत सुटत होती आणि साहेब छोट्या पडद्यावर बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग तार थांबवायला सांगून ते पाइपापाशी आले, खाली वाकले, आणि ओल्या मातीतून चिखलाचा एक गोळा उचलला.

"ही कुणी उघडली?"

विलासने माझ्याकडे पाहिलं. भाऊ आहे माझा, त्याला चेहऱ्यावरून कळलं असणार. मी काय केलं माहितीये? ओढणी नीट केली. खांद्यावर होती, ती डोक्यावर घेतली, जणू ऊन फार लागत होतं.

लहानूने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. "मी उघडली, साहेब."

"कशाला?"

"आंघोलीला पानी पायजे होता."

"आंघोळीला!" साहेब हसले, आणि इतरही दोघं-तिघं हसले. खाली गरम पाण्याचं अख्खं कुंड असताना हा बाबा आंघोळीला बोअर उघडतो. त्याने याहून चांगली थाप मारायला हवी होती, पण त्याला थापा मारायची सवय नव्हती. आणि मी उभी होते. साहेबांनी ठेकेदाराला फोन लावला आणि दुसरा माणूस पाठवायला सांगितलं, तोपर्यंत मी उभीच होते.

चहा आला तेव्हा कुठे माझी वाचा फुटली. म्हटलं, "साहेब, त्याचा दोष नाही. मी उघडायला लावली. फोटोसाठी. तो नाही म्हणत होता."

मला वाटलं, ते माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे केली. "मॅडम, तुम्ही पाहुण्या. तुम्हाला काय कळणार यातलं. ड्युटी त्याची होती ना?"

"पण मला कळत होतं," मी म्हटलं. "मला विलासने सगळं सांगितलं होतं."

"घ्या हो, बिस्कीट घ्या," साहेब म्हणाले.

विलासने गाडी रस्त्याला काढली. मीच म्हटलं, "तू सांग ना त्यांना. तू साइटचा माणूस." तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काय सांगू? माझी बहीण होती म्हणून सांगू? मग माझंही चंबूगबाळं आवरतील." म्हणजे आम्ही दोघंही एकाच माळेचे मणी. घरी सुनीताने पान वाढलं, "ताई, जेवून घ्या" म्हणाली, आणि कुणीच कुणाकडे न बघता आम्ही जेवलो.

निघायच्या दिवशी मी बॅग सुनीताकडे ठेवून एकटीच रिक्षा करून परत वर गेले. झडपेशेजारच्या खुर्चीवर एक नवा माणूस बसला होता. झापात बारकी पातेली पोत्यात भरत होती. मी हात जोडले, माफी मागितली. लहानू ओशाळला. "ऱ्हाऊ द्या, ताय. पावन्याला नाय बोलायचा म्हंजे कसा दिसतो?"

बारकी मात्र उठली नाही. पातेली दाबत दाबत म्हणाली, "तुमचा फोटू झाला ना? मंग झाला."

"पोरीची शाळा..." मी म्हटलं.

"पोरगी कुठं ठेवू? तुमी ठेवता?"

नाशिकला माझ्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत, आणि मी परत ओढणी नीट केली. लहानूनेच विषय बदलला. "फोटू दाखवा तरी." मी मोबाइल पुढे केला. त्याने तो डोळ्यांजवळ धरला आणि हसला, अगदी फोटोतल्यासारखाच. "आयला, कवढी वाफ!" म्हणाला.

घरी आल्यावर कपडे धुतले, मैत्रिणींना चिकू वाटले, आणि पोस्ट काही लिहून होईना. पुढे सुनीताचा फोन आला. बोअर परत निजवला होता, या वेळी नीट. मोजणी झाली, आकडा चांगला आला, मोठी विहीर होणार. विलासला शाबासकी मिळाली. लहानूची माणसं कधीच भट्टीवर गेली, कुठली भट्टी ते तिला माहीत नव्हतं. आणि मग विलास फोनवर आला. "ताई, एक काम होतं. वाफेचा फोटो फक्त तुझ्याकडेच आहे. साहेबांना मोठ्या लोकांपुढे दाखवायला हवाय. त्यात तो माणूस असेल तर तेवढा काप आणि पाठव."

लाज वाटते सांगायला, पण मी बसले कापायला. भाऊ होता, त्याच्या नोकरीत भर पडत होती. डाव्या बाजूने कापलं तर लहानूचा चेहरा गेला, खांदा गेला, शर्ट गेला. पण झडप तर हवीच, तिच्यातूनच तर वाफ येते. आणि झडप ठेवली की लाल चाकावरचा त्याचा हात राहतो. मी आणखी कापून बघितलं, तर वाफ अर्धी झाली. पुन्हा आधीसारखं केलं. तो हात मीच तिथे ठेवायला लावला होता.

विलासला मी फोटो पाठवला नाही. अजून रागावलाय तो. तुम्हालाही या पोस्टमध्ये फोटो दिसणार नाही. कुंडावर जरूर जा, डिसेंबर-जानेवारीत जा, चपला लांब काढा. आणि भिवंडीच्या बाजूला कधी जाणं झालं, भट्टीवर बारकी नि लहानू भेटले, तर मला कळवा. पोरगी सोबत आहे का, तेही विचारा. तिचं नाव मला माहीत नाही, मी ते विचारलंच नव्हतं.