नीउआहून आलेली चटई

तोआकासेच्या हातून चूक होत नाही, असं शाळा-मंडळाच्या कार्यालयात सगळे म्हणायचे, आणि ती "छे छे" म्हणत ते ऐकून घ्यायची. नुकुआलोफा ही बेटांच्या त्या देशाची राजधानी; तिथल्या कार्यालयात सतरा वर्षं संगणकाचं सगळं तिच्याकडे. मंडळाची वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालायची तो तिच्याच खोलीत, खिडकीखाली. सकाळी आली की ती आधी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची, मग सर्व्हरचे दिवे बघायची, मग चहा.

त्या वर्षी सर्व्हर जुना झाला म्हणून नवा आला. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत नोंदणीचा आठवडा होता. मोठ्या बेटावरच्या वसतिगृहाच्या शाळेत कोणती मुलं येणार, त्यांची नावं गावोगावच्या मास्तरांनी वेबसाइटवर भरायची. म्हणून नवा सर्व्हर शनिवारीच बसवायला हवा होता.

सर्व्हरला दोन पत्ते होते. एक शहरातल्या तारेवरचा, त्यावरून जवळच्या सगळ्या शाळा यायच्या. दुसरा छपरावरच्या उपग्रहाच्या तबकडीचा, तो फक्त दूर उत्तरेच्या नीउआ बेटासाठी. कुठल्या कुठल्या पत्त्यावर कान द्यायचा, ते सर्व्हरला एका फाइलीत ओळीने लिहून सांगावं लागतं. एका पत्त्याला एक ओळ. ओळ नसेल तर त्या बाजूने कुणी कितीही वेळा दार ठोठावलं तरी आतून उत्तर जात नाही.

तोआकासेने दोन्ही ओळी लिहिल्या. पण तबकडीची तार जोडणारा माणूस सोमवारी येणार होता. तार नाही म्हणजे तो पत्ताच अजून यंत्रापाशी नाही, आणि नसलेल्या पत्त्यावर ऐक म्हटल्यावर सर्व्हर सुरूच होईना. दुपारचे चार वाजून गेलेले. पाचला चर्चमध्ये गाण्याचा सराव. घरी रविवारच्या जेवणाच्या, जमिनीत खणलेल्या भट्टीसाठी अळूची पानं निवडायची होती, आणि रविवारी तर तिकडे कुणी कामाला हात लावत नाही. तिने दुसऱ्या ओळीच्या आधी एक चिन्ह टाकलं. ते चिन्ह असलं की ती ओळ असून नसल्यासारखी. सर्व्हर लगेच सुरू झाला. सोमवारी तार लागली की चिन्ह काढायचं, असं मनाशी म्हणून ती पळाली.

सोमवारी तारवाला आला, तार जोडून गेला. तोआकासे तेव्हा फोनवर कुणाला तरी समजावत होती. चिन्ह राहिलं ते राहिलंच.

मंगळवारी नीउआच्या शाळेतून फेलेती मास्तरांचा फोन आला.

"तोआकासे, बाळ, पान उघडत नाही गं."

"इथे तर उघडतंय, मास्तर." ती स्वतःच्या टेबलावर उघडून बघतच होती.

"इथे नुसतं गोल गोल फिरतं, नि मग पांढरं होतं."

"पत्ता नीट टाकलात का? सावकाश टाका. घाई करू नका."

बुधवारी फोन आला, गुरुवारी आला. तिने दर वेळी आपल्या टेबलावर पान उघडून बघितलं आणि दर वेळी ते उघडलं. शुक्रवारी दुपारी खोलीत चारजण असताना पुन्हा फोन वाजला.

"मास्तर, बाकी सगळ्या शाळांची नावं आली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एक तुमचीच राहिली. आता यंत्राला किती दोष देणार?"

पलीकडच्या टेबलावरची आकानेसी टंकलेखन थांबवून म्हणाली, "म्हाताऱ्याला सांग, माऊस हातात धरतात, शेपटीला नाही." सगळे हसले. तोआकासेही हसली, फोन तोंडाशी असताना.

"तीनच नावं आहेत," मास्तर म्हणाले. "फोनवर सांगू का?"

"फोनवर नावं घेत नाहीत, मास्तर. नियम आहे."

"बरं, बरं. माझंच काहीतरी चुकत असेल."

हे तेच फेलेती मास्तर. तोआकासेही नीउआचीच. ती बारा वर्षांची असताना तिला पाठवायचं नाही म्हणून तिच्या बापाने वसतिगृहाचा अर्ज भिजवून ठेवला होता. मास्तरांनी रात्रीत नवा लिहिला, स्वतः बोटीतून तिला घेऊन आले, वाटेत ती ओकत राहिली आणि ते तिचं डोकं धरून बसले. शाळेच्या फाटकाशी त्यांनी तिची कॉलर सरळ केली आणि म्हणाले, "जा. मागे बघू नकोस."

पुढच्या सोमवारी संध्याकाळी नीउआहून मावशीचा फोन आला. बोटीची, पावसाची चौकशी झाल्यावर मावशी म्हणाली, "काल चर्चमध्ये फार वाईट झालं गं. उपदेश संपल्यावर फेलेती उभा राहिला. म्हणाला, तीन लेकरांच्या जागा माझ्या अडाणीपणामुळे गेल्या, मला माफ करा. त्या मुलांच्या आया रडायला लागल्या. तो खाली बसला तर बाकावर बसवेना, जमिनीवरच बसला. तुझ्याकडे कितीदा फोन केला म्हणे. तूसुद्धा सांगून सांगून थकलीस म्हणाला."

"कोण म्हणालं?"

"तोच. तुझं कौतुकच करत होता."

मंगळवारी सकाळी ती देवाचं नाव न घेताच खुर्चीत बसली. तबकडीच्या बाजूचा वापर बघितला. आठवडाभरात एकही नोंद नाही, एकही! मग फाइल उघडली. दुसरी ओळ तिथे होती, आणि तिच्या आधी ते चिन्ह, तिने स्वतःच्या बोटाने टाकलेलं.

खोलीत कुणी बघत नव्हतं, तरी तिने पडद्यापुढे हात धरला. चिन्ह काढलं, सर्व्हर नव्याने सुरू केला. दहा सेकंदांचं काम.

ती उठून मंडळाच्या प्रमुखांकडे, लिसियाते साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. साहेब सज्जन माणूस. त्यांनी चष्मा पुसला.

"तीन जागा ना? वाढवून देऊ. लिही, दूरच्या बेटाला खास सवलत."

"पण साहेब, कारण ते नाही."

"यंत्राच्या पोटातली गोष्ट आहे, बाई. कोण बघायला जातंय? मुलांचं भलं झालं, संपलं. उगाच मंडळाची शोभा कशाला?"

तिने लिहिलं. सवलत. सही केली तेव्हा पेन नीट चालत होतं, याचंसुद्धा तिला वाईट वाटलं.

दोन दिवसांनी मास्तरांचा फोन. "माझ्या चुकीवर तुम्ही सगळ्यांनी पांघरूण घातलंत. तू रदबदली केली असणार, मला ठाऊक आहे."

तिच्या तोंडून फक्त "नाही हो" निघालं. त्यांना तो विनय वाटला.

आणि महिन्याच्या बोटीने चटई आली. मास्तरांच्या बायकोने विणलेली, तिकडच्या रीतीने चर्चला जाताना कमरेला बांधायची, इतकी बारीक की हातावर कापडासारखी पडावी. वर्षभर विणल्याशिवाय अशी होत नाही. आकानेसी बोट फिरवत म्हणाली, "नशीब काढलंस. आम्हाला कुणी साधी टोपली देत नाही."

तोआकासेने ती परत कागदात गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. रविवारी जुनीच, कडा झिजलेली बांधून गेली.

सोमवारी तिने मास्तरांना फोन लावला आणि एका दमात सांगितलं. शनिवार, तार, चिन्ह, आणि शुक्रवारचं ते हसणं.

"हसली होतीस, ते ऐकू आलं होतं," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "असू दे. मला सांगितलंस ना? मला कळलं, देवाला कळलं. आता बाहेर बोलू नकोस. तुझी नोकरी आहे."

तिला तेच हवं होतं. फोन ठेवला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण तिच्या तोंडून गेलं, "मास्तर, गावातले लोक कागद घेऊन येतात ना अजून तुमच्याकडे?"

नीउआत कुणाला सरकारी पत्र आलं की ते वाचायला मास्तरांच्या ओसरीवर जायचं, अशी तिच्या लहानपणापासूनची रीत होती.

"पाद्रीबुवांकडे जातात आता," मास्तर म्हणाले. "बरोबरच आहे. त्यांना वाटतं माझे डोळे गेले."

"देवाला आधीच ठाऊक होतं, मास्तर," ती म्हणाली. "गावाला नाही."

दुपारी ती रेडिओच्या कार्यालयात गेली. बोट कधी सुटणार, कोण वारलं, कुणाचं लग्न, हे सगळं रेडिओवरून बेटांना कळतं आणि नीउआत त्या वेळी प्रत्येक घरात रेडिओ लागलेला असतो. खिडकीतल्या बाईने कागद पुढे केला.

"मयत कोण?"

"कुणी नाही."

"मग लग्न?"

"नाही. माफी आहे."

बाईने मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं आणि पेनही दिलं.

सहा वाजता बोटीला उशीर असल्याची बातमी झाली, मग निवेदकाने वाचलं: "नीउआच्या गावकऱ्यांस. शाळेच्या नोंदणीत फेलेती मास्तरांची कसलीही चूक नव्हती. त्यांनी चार दिवस बरोबर सांगितलं, मी ऐकलं नाही. नीउआचा रस्ता माझ्या हातून बंद राहिला होता. मुलांच्या जागा सवलतीने मिळाल्या नाहीत, त्या त्यांच्याच होत्या. मी मास्तरांची आणि गावाची माफी मागते. तोआकासे, तुमच्याच गावची." आणि लगेच कुणाच्या तरी मयताची वेळ.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात कुणी तिच्याशी बोललं नाही. साहेब एवढंच म्हणाले, "मला विचारायचं होतंस." आकानेसीने तिच्यापुढे चहा ठेवला आणि आपल्या टेबलाशी गेली. पुढल्या वर्षीची नोंदणी तिच्याकडे ठेवली नाही. तिने का म्हणून विचारलं नाही.

रोज सकाळी ती आता आधी तबकडीच्या बाजूच्या नोंदी बघते. पहिले तीन दिवस काही नव्हतं. चौथ्या दिवशी सव्वाआठला एक ओळ उमटली. नीउआची शाळा, एका मुलाचा बदलीचा दाखला, भरणारे फेलेती मास्तर. थोड्या वेळाने आणखी एक. दुपारपर्यंत पाच झाल्या. कुणीतरी ओसरीवर रांगेत बसलं असणार.

रात्री मावशीने फोनवर विचारलं, "फेलेतीची बायको विचारत होती, चटई बांधलीस का?"

"अजून नाही, मावशी," तोआकासे म्हणाली.