रुखवतातली सागवानी पेटी

मला विणकाम कधी जमलं नाही आणि जमावं असं वाटलंही नाही. त्यामुळे अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं तेव्हा आईच्या जिवाला घोर लागला तो रुखवताचा. नवरीने स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू मांडवात मांडायच्या आणि वरपक्षाच्या बायकांनी त्या उलटसुलट करून बघायच्या, ही आमच्याकडची रीत. इतर मुलींच्या रुखवतात मण्यांची बदकं असत, लोकरीची फुलं असत. मी जाहीर केलं की मी लाकडी पेटी करणार. जपून ठेवावंसं वाटेल ते सगळं ठेवायला.

"पोरीच्या जातीनं रंधा मारावा काय?" आई म्हणाली. वडील मात्र हसले आणि मला आमच्या नालवाडीतल्याच एका ओळखीच्या सुताराकडे घेऊन गेले. त्यांना सगळे वाढईकाका म्हणत.

काकांची एकच अट होती. "मी हात लावत नाई. सांगतो, करजो तूच."

मला तेच हवं होतं. ही पेटी हिनेच केली असं चारचौघांनी म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

काकांच्या कामातून उरलेल्या सागाच्या फळ्या मिळाल्या. सुरुवातीला रंधा जागचा हलेना. मग एके दिवशी त्यातून लांब, सलग, पातळ साल निघाली आणि मी ती आईला दाखवायला घरी पळत सुटले. झाकणावर पटाशीने कपाशीचं बोंड कोरलं, तर काका चष्मा वर करून म्हणाले, "वांगं हाय का हे?" दोन पानं काढली तेव्हा कुठे ते कापूस दिसायला लागलं. अंगावर भुसा, बोटांना चिंध्या आणि मी अशी खुशीत, की आपलं लग्न आहे हेही विसरायला होई.

लग्नाच्या आदल्या दिवशी पॉलिशचा शेवटचा हात दिला. काकांनी बजावलं, "चांगली वाळू देजो. झाकण लावजो नको." पण मांडवात धूळ उडत होती. माझ्या पेटीवर धूळ? मला राहवलं नाही, मी झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सेलूहून वऱ्हाड आलं. नवऱ्याच्या आत्याबाई रुखवतापुढे बसल्या, पेटी हातात घेतली आणि म्हणाल्या, "हे काई पोरीनं केली नाई. वाढयाकडून करून आणली."

"नाई हो बाई, तिनंच केली," आई म्हणाली.

"मंग उघडून तं दाखवा."

झाकण हलेना. ओल्या पॉलिशने ते घट्ट चिकटलं होतं. आत्याबाईंनी ओढलं, त्यांच्या जावेने ओढलं, शेवटी नवऱ्याच्या मामांनी पेटी गुडघ्यांत धरून जोर लावला. मी बाशिंग बांधून बसलेली, तोंडातून शब्द काढायची सोय नाही. रागाने कानशिलं तापली होती आणि रडूही येत होतं. माझी सगळी मेहनत पाण्यात चालली होती.

तेवढ्यात कुणीतरी आत्याबाईंना पंगतीतून हात धुऊन येणारे काका दाखवले. "काऊन हो वाढईबुवा, हे पेटी तुमीच केली न?"

काकांनी पेटी घेतली. फिरवून पाहिली. झाकणाच्या फटीवर अंगठा दाबला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मी केली असती," ते शांतपणे म्हणाले, "तं उघडली असती."

मांडव हसून हसून लोटपोट झाला. सगळ्यांत जास्त हसल्या त्या आत्याबाई. पदराने डोळे पुसत त्या उठल्या, पेटी कडेवर घेतली आणि एकेका बाईपुढे धरत साऱ्या मांडवात फिरल्या. त्या काय सांगत होत्या ते मला बसल्या जागी ऐकू येत होतं, आणि इतका आनंद मला त्या दिवशी लग्नाचाही झाला नसेल.

"आमच्या सुनेनं सोता केली. बिलकूल उघडत नाई."