गुहेच्या तोंडाशी

आमचे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक स्टूल, भिंतीवर बंद पडलेली घड्याळं आणि डोळ्याला लावायचं भिंग. गिऱ्हाईक उभं राहतं ते रस्त्यावरच. बाबा मान वर न करता हात पुढे करतात, घड्याळ कानाशी नेतात आणि "हं" म्हणतात. या "हं"चे किती अर्थ आहेत ते फक्त आईला कळतं. बोलणं या माणसाच्या अगदी जिवावर येतं. त्यांची मुलगी असून मी अशी फटकळ कशी, असं लोक विचारतात. आईवर गेलेय, दुसरं काय!

हल्ली दुकानात येणारं काम बहुतेक एकच, सेल बदलायचा. मागचं झाकण उघडायचं, उतरलेला सेल काढायचा, जागा नीट पुसून घ्यायची, नवा बसवायचा आणि काटे जुळवायचे. बाबांचा हात त्यावर इतका बसलाय की झोपेतही करतील. घड्याळाचं एक बरं असतं. सेल काढला म्हणून त्याचं काही जात नाही. तेवढा वेळ ते थांबतं आणि नवा घातला की पुन्हा चालायला लागतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं.

माझा मोठा भाऊ, दादा, रक्ताच्या आजारानं गेला. कॉलेजही पुरं झालं नव्हतं. त्याच्याकडे तळहातावर मावेल असं एक खेळायचं यंत्र होतं, कुणाकडून तरी जुनं घेतलेलं, कोपरे घासून पांढरे पडलेलं. त्यात एकच खेळ. एक मुलगा गावोगाव हिंडतो, गवतातून चित्रविचित्र प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवतो. प्राण्यांना नावं आपण द्यायची. दादानं घरातलीच दिली. आग ओकणाऱ्या पालीचं नाव आई. पाठीवर दगड घेऊन रखडत चालणारं कासव म्हणजे बाबा. आणि सांगितलेलं कधीही न ऐकणारा, उठसूट चावणारा एक उंदीर होता, त्याचं नाव टिचकी. घरात मला टिचकी म्हणतात.

"मी आग ओकते काय रे?" आई कडाडायची. "थांब, दाखवतेच तुला!"

"बघ, ओकलीस की नाही?" दादा म्हणायचा, आणि बाबासुद्धा तोंड फिरवून हसायचे.

आई त्या प्राण्यांना भुतं म्हणायची. "ठेव ती भुतं बाजूला आणि जेवायला ये," हे वाक्य आमच्या घरात रोजचं होतं.

हॉस्पिटलातही यंत्र त्याच्या उशाशी असायचं. बोटांत त्राण उरलं नाही तेव्हा त्यानं खेळातल्या मुलाला एका अंधाऱ्या गुहेच्या तोंडाशी उभं केलं, खेळ सेव्ह केला आणि यंत्र बाबांच्या हातात दिलं. "इथून पुढे अवघड आहे, बाबा. जपून ठेवा. बरा झालो की आत शिरणार आहे मी." बाबा "हं" म्हणाले. दादा काही बरा झाला नाही.

तेव्हापासून बाबांचा नेम ठरला. सकाळचा चहा घेतला की यंत्र चालू करायचं. खेळायचं नाही, मुलाला एक पाऊलही हलवायचं नाही. दादानं उभं केलंय तिथेच तो उभा. फक्त प्राण्यांची पानं एकामागून एक उघडून बघायची, पाल, कासव, उंदीर, आणि बंद करून दुकानात जायचं.

"जनावरं बरी आहेत," ते आईला सांगायचे.

"बरी नसायला काय धाड भरलीय त्यांना!" आई म्हणायची आणि ओट्याकडे वळायची. पण कधी बाबांना उशीर झाला, तर तीच विचारायची, "अहो, आज भुतं नाही बघितली?"

त्या खेळात दिवस मावळायचा आणि उजाडायचाही, अगदी खऱ्या वेळेबरोबर. बाबांना त्याचं फार अप्रूप. "बंद ठेवलं तरी आत वेळ चालूच राहतो बघ," ते मला म्हणाले होते. "बनवणाऱ्याला मानलं पाहिजे." स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी ते ताडून बघायचे आणि मान डोलवायचे.

मग एकदा सकाळी यंत्र उघडलं तर गुहेपाशी अंधार. बाहेर लख्ख ऊन आणि आत रात्र. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, "जुनं झालंय हो, बाबा." ते "हं" म्हणाले. मी कामाला निघून गेले. मी औषधांच्या दुकानात असते, सकाळी मला श्वास घ्यायला फुरसत नसते.

बाबांनी मात्र ओळखलं होतं. घड्याळ मागे पडतंय म्हणजे यंत्र चालवणारे सेल नव्हेत, वेळ राखणारा आतला छोटा सेल उतरत आलाय.

दादाच्या आजारपणात या माणसाला काहीसुद्धा करता आलं नव्हतं. डॉक्टर काय ते बोलायचे, नर्स काय ते करायच्या, आणि बाबा बाकड्यावर हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे. आता पहिल्यांदाच दादाचं असं काम निघालं होतं, जे त्यांना येत होतं. त्यांनी मला विचारलं नाही, आईला सांगितलं नाही. का विचारतील? सेल बदलायचा होता, हृदय नव्हे.

संध्याकाळी घरी येताना मी दुकानापाशी थांबले. बाबा चक्क हसत होते.

"ये. तुझ्यासाठीच थांबलोय, अजून चालू केलं नाही." त्यांनी बशी पुढे केली. बशीत एक चपटा, काळपट सेल. "हा बघ, पार मरायला टेकला होता. नवा अगदी चांगल्यातला घातलाय. आता वर्षानुवर्षं बघायला नको."

तो खेळ ज्यानं कुणी खेळलाय त्याला माहीत असतं, सेव्ह केलेलं सगळं त्या सेलवरच जगतं. सेल निघाला की संपलं.

"बाबा, जुना कधी काढलात?"

"सकाळीच. जागा नीट पुसली, सुकू दिली, मग जोडला. घाई केली की काम टिकत नाही."

त्यांनी बटण सरकवलं. तेच जुनं संगीत वाजलं. पडद्यावर एकच ओळ आली, नवा खेळ. बाबांनी ती दाबली. एक म्हातारा हसत हसत पुढे आला आणि विचारू लागला, तुझं नाव काय?

"हा कोण?" बाबा म्हणाले. "दादाची गुहा कुठाय?"

मी सांगितलं. सांगितलं कसलं, ओरडले. "कुणी सांगितलं होतं हात लावायला! मला विचारायचं तरी!" एक बाई घड्याळ घेऊन येत होत्या, त्या तशाच मागे फिरल्या. बाबांनी भिंग डोळ्याला लावलं, चिमटा उचलला आणि बशीतला जुना सेल धरला.

"हा परत लावतो. याच्यात असेल."

"त्याच्यात काही नसतं, बाबा."

तरी त्यांनी लावला. त्यांचा हात कधी थरथरत नाही, तेव्हाही थरथरला नाही. जोड सुरेख बसला. म्हाताऱ्यानं पुन्हा नाव विचारलं.

घरी आई कणीक मळत होती. मी सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"आई नावाचं ते भूत पण गेलं?"

"हो."

"आणि हे? आणि तू?"

"सगळी गेली, आई."

"आणि तो? गुहेपाशी उभा होता तो?"

दारातून बाबा "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ मलाही कळला. आई तशीच, पिठाच्या हातांनी डोळे झाकून खाली बसली. ती एवढी मोठ्यानं रडेल असं मला वाटलं नव्हतं. दादा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

यंत्र आता कपाटात आहे. बाबा सकाळी चहा घेतात आणि रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून बसतात. आई काही विचारत नाही.

दुकान चालू आहे. कुणी घड्याळ आणतं, बाबा झाकण उघडतात, चिमटा सेलपाशी नेतात आणि थांबतात. कधी नव्हे ते मान वर करून गिऱ्हाइकाकडे बघतात.

"यात तुमचं काही ठेवलेलं नाही ना?"

लोक हसतात. "अहो, घड्याळात काय ठेवणार?"

बाबा हसत नाहीत. समोरचा माणूस "नाही" म्हणेपर्यंत ते सेल काढत नाहीत.